जॉर्जियाची अंबर वाईन: तुरट म्हणजे बिघडलेली नव्हे

जॉर्जिया देशाच्या पूर्वेकडच्या काखेती प्रांतातली रकात्सितेली, म्हणजे याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षांची अंबर (सोनेरी-केशरी) वाईन, कोऱ्या चहासारखी तुरट लागली की बाटली बिघडली असं समजून काहीजण तिला कमी गुण देतात. पण इथे तुरटपणा हा दोष नाही. द्राक्षं पांढरी असली तरी काखेतीत रस साली, बिया आणि बऱ्याचदा देठांसकट क्वेव्रीत, म्हणजे जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात, पाच-सहा महिने राहतो. टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, या साली-बियांतूनच उतरतं. पश्चिम जॉर्जियातल्या इमेरेतीत साली कमी घालतात, त्यामुळे तिथली वाईन बरीच मऊ लागते.

गडबड बहुधा तापमानाची आहे. फ्रिजमधून काढून 5-6 अंशांवरच ओतली की सुगंध दबतो आणि कच्चं केळं खाल्ल्यासारखी जीभ आवळते. 13-14 अंशांवर येऊ द्या, मोठ्या ग्लासात 75 मिलीच ओता आणि दहा मिनिटं थांबा. मग सुका जर्दाळू, अक्रोड, संत्र्याची साल असे वास उलगडतात. सोबत खारट चीज असलं की तुरटपणा निवतो.

खरा बिघाड वेगळा असतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा भपका आला तर व्हिनेगरकडे झुकलेली. सर्वांत फसवा दोष उंदराच्या वासाचा, कारण तो ग्लासात नाकाला जवळपास कळतच नाही. वाईनच्या आम्लात तो दबून असतो. घोट गेल्यावर लाळेनं आम्लता उतरते आणि दहा-वीस सेकंदांनी तो तोंडात उठतो. त्यामुळे गुण देण्याआधी अर्धा मिनिट थांबाच.

आणि किंदझमराउली, म्हणजे सापेरावी या काळ्या द्राक्षांची लाल वाईन, गोडसर लागली म्हणून तिचे गुण कापू नका, ती तशीच बनवतात. त्याच सापेरावीची कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाईन हवी असेल तर मुकुझानी नावाची घ्या.