बिग बॉयचा पहिला सोलो अल्बम: कौतुक गाण्यांचं की आउटकास्टच्या पुण्याईचं?

रानभूल:
बिग बॉय आणि आंद्रे म्हणजे अटलांटाची रॅप जोडी आउटकास्ट. काल इथे कुणीतरी लिहिलं, 'आंद्रेशिवाय बिग बॉय म्हणजे अर्धा आउटकास्ट. समीक्षकांनी अल्बम डोक्यावर घेतला तो जुन्या नावामुळे.' वाचून डोकं फिरलं. 'सर ल्युशस लेफ्ट फूट' या अल्बमवर आंद्रेचा आवाज नाही, कारण आउटकास्टची रेकॉर्ड कंपनी जाइव्हने तो येऊ दिला नाही. बिग बॉय अल्बम घेऊन डेफ जॅम या दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि जाइव्हने दोघांची एकत्र गाणी अडवली. तरी 'यू एंट नो डीजे'चं संगीत आंद्रेचंच आहे. वर्षानुवर्षं रखडून जुलै २०१० मध्ये आलेला अल्बम शिळा वाटायला हवा होता. 'जनरल पॅटन'मध्ये इटालियन संगीतकार व्हर्दीच्या 'आईदा' ऑपेराचा कोरस घेऊन हा माणूस त्यावर न अडखळता रॅप करतो. यात पुण्याई कुठे आली?

मिलिंद_ठाणे:
ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेणार नाही. मुळात 'पहिला सोलो' हेच पटत नाही. २००३ चा 'स्पीकरबॉक्स' कुणाचा होता?

रानभूल:
तो आउटकास्टच्या नावावर, जोडअल्बमचा अर्धा भाग म्हणून आला. २००४ चं ग्रॅमीही आउटकास्टलाच मिळालं. आणि लोकांच्या तोंडी राहिलं काय, तर आंद्रेचं 'हे या' नावाचं गाणं! बिग बॉयवर अन्याय तिथूनच सुरू झाला.

सावनी:
दोघंही ऐकता कशावर? हेडफोनवर ना? मी अटलांटात शिकायला होते. रूममेटच्या जुन्या गाडीत मागे दोन मोठे सबवूफर होते. या अल्बममधलं 'शटरबग' लागलं की नंबरप्लेट थरथरायची. हे संगीत गाडीसाठीच केलंय.

मिलिंद_ठाणे:
म्हणजे गाडी नसलेल्याने मत द्यायचं नाही? मी लोकलमध्ये ऐकतो.

सावनी:
मत जरूर द्या, पण बेसचा अर्धा आवाज न ऐकता 'अर्धा आउटकास्ट' म्हणू नका.

बेसवाला_नाशिक:
ताईंचं शंभर टक्के बरोबर. गाड्यांत साउंड बसवणं हा माझा धंदा आहे. गिऱ्हाईक बारा इंची वूफर घेतं आणि त्यावर फाटलेली एमपीथ्री वाजवतं! ऑर्गनाइज्ड नॉइझ या आउटकास्टच्या संगीत-निर्मात्या मंडळींनी बेसला जागा सोडलेली असते, तो नुसता वाढवलेला नसतो. आपल्याकडे मिक्सिंग करणाऱ्यांना हे कुणीतरी शिकवा.

मिलिंद_ठाणे:
धागा वूफरचा नाही हो! माझा मुद्दा साधा आहे. एवढं कौतुक होऊन पहिल्या आठवड्यात प्रती खपल्या साधारण ६२ हजार.

रानभूल:
आणि तेवढ्यावर अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या खपाच्या यादीत तिसरा आला, तेव्हा बाजारच आटला होता. खपावरून दर्जा ठरवायचा तर बोलणंच खुंटलं. १९९५ च्या 'सोर्स' या हिप-हॉप मासिकाच्या पुरस्कारांत न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी आउटकास्टची हुर्यो उडवली होती. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या माणसाने प्रत्येक वेळी नव्याने स्वतःला सिद्ध करायचं, ही तीच वृत्ती आहे.

मिलिंद_ठाणे:
मला त्या प्रेक्षकांत बसवू नका, राग येतो. 'शाइन ब्लॉकाज' उत्तम आहे, मान्य. 'यू एंट नो डीजे'सुद्धा. पण त्याचं संगीत आंद्रेचं, हे तुम्हीच वर लिहिलंय.

रानभूल:
शब्द कुणाचे?

मिलिंद_ठाणे:
बिग बॉयचे. आणि त्यातला पाहुणा रॅपर येलावुल्फचे.

बेसवाला_नाशिक:
सावनीताई, ते सबवूफर सीलबंद पेटीत होते की पोर्टेड, म्हणजे हवेला भोक ठेवलेल्या?