वादळात स्थलांतर करताना वाया गेलेल्या औषधांचा खर्च मेडिक्लेममधून मिळतो का?

खाडीकाठ, दाभोळ
वादळाचा इशारा आला की आमच्या वाडीला शाळेच्या इमारतीत हलावे लागते. आई मधुमेह आणि रक्तदाबाची रुग्ण असून रोज इन्सुलिन घेते. घाईगडबडीत औषधे घरीच राहिली किंवा वीज जाऊन फ्रिजमधील इन्सुलिन खराब झाले, तर नव्याने घेतलेल्या औषधांची बिले विमा कंपनी मंजूर करते का? ‘नैसर्गिक आपत्ती कव्हर आहे’ असे एजंटांनी मोघम सांगितले आहे.

जुना विमेकरी
एजंटांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. वादळात जखमी होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर तो खर्च मिळतो. परंतु साध्या मेडिक्लेमचा पायाच मुळी चोवीस तास दाखल राहण्याचा असल्यामुळे रोजच्या गोळ्या आणि इन्सुलिन त्यात बसत नाहीत. बहुतेक पॉलिसींमध्ये दाखल होण्यापूर्वीच्या ३० आणि घरी सोडल्यानंतरच्या ६० दिवसांतील औषधांचा खर्च मिळतो, मात्र ती औषधे त्याच आजारासाठी घेतलेली असावी लागतात. म्हणजे इन्सुलिनअभावी साखर वाढून आई दाखल झाल्या तर बिले चालतील, आणि वेळीच इन्सुलिन विकत घेऊन त्यांना सांभाळले तर चालणार नाहीत! आयुष्मान भारत योजनेतही दाखल होण्यापूर्वीचे ३ आणि नंतरचे १५ दिवस एवढीच सोय आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत मात्र बाह्यरुग्णालाही औषधे मिळतात. घरात कोणी त्या योजनेत असल्यास आई अवलंबितांच्या निकषात बसतात का, ते पाहावे.

औषधविक्रेता, चिपळूण
विम्याइतकाच प्रश्न औषध मिळण्याचाही आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमची बाजारपेठच पाण्याखाली गेली होती. अशा वेळी खिशात पैसे असूनही उपयोग नसतो. डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावे आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी घेऊन तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, म्हणजे एका कंपनीचे औषध नसले तरी दुसऱ्या कंपनीचे देता येते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. वापरात असलेले बहुतेक प्रकार ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतात. नेताना ते थेट बर्फात ठेवू नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, तेव्हा आपल्या आशाताईंमार्फत आईंचे नाव आणि औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात मे महिन्यातच कळवून ठेवावीत.

खाडीकाठ, दाभोळ
दोघांचेही आभार. मग ओपीडीचे जादा संरक्षण घ्यावे का?

जुना विमेकरी
नूतनीकरणाच्या वेळी विचारून पाहावे, पण घाई करू नये. त्यात वर्षाची कमाल रक्कम ठरलेली असते, आणि काही कंपन्या केवळ डॉक्टरांची फी देऊन औषधे वगळतात. जादा हप्ता आणि आईंच्या औषधांचा वार्षिक खर्च शेजारी शेजारी मांडावा. हप्त्याच्या मानाने परतावा नगण्य दिसला, तर तेच पैसे महिनाभराची औषधे आगाऊ घेऊन ठेवण्यात घालावेत.