फॅटी लिव्हरला मार लागलाय, डॉपलरचा रिपोर्ट कसा समजायचा?

मनीषा_नागपूर
मोठ्या भावाची गाडी हिंगणा रोडवर घसरली, हँडल उजव्या बरगड्यांखाली लागलं. सीटीत लिव्हरला चीर दिसली. ऑपरेशन न करता आयसीयूत सांभाळलं, आता घरी आहे. फॅटी लिव्हर त्याला आधीपासूनच. काल रामदासपेठेत डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी, केली. रिपोर्टात आहे ते असं: फॅटी लिव्हर ग्रेड २, पोर्टल व्हेनमध्ये प्रवाहाची दिशा लिव्हरकडे, वेग सेकंदाला १४ सेंटिमीटर, हिपॅटिक व्हेन मोनोफेजिक, उजव्या भागात ३ सेंटिमीटरचा काळपट पट्टा. सर्जनची वेळ सोमवारची आहे. आई एकच विचारून राहिली, लिव्हरला रक्त पोहोचून राहिलं का नाही? कोणी समजावून सांगेल का?

सोनोवाला_विदर्भ
ताई, रिपोर्टावरून तरी पोहोचून राहिलं, आईंना सांगा. मी रेडिओलॉजिस्ट आहे, पोटाच्या सोनोग्राफ्या हे माझं रोजचं काम. लिव्हरचं साधारण पाऊण रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून येतं, बाकीचं हिपॅटिक आर्टरीतून, म्हणजे लिव्हरच्या धमनीतून. त्या व्हेनमधली दिशा लिव्हरकडेच आहे, ही यातली सगळ्यात मोलाची गोष्ट.

वेग १६ ते ४० असला की आम्ही ठीक म्हणतो. पण हा आकडा प्रोब, म्हणजे पोटावर फिरवतात ते यंत्र, कसा धरला यावर फार अवलंबून असतो. ध्वनिलहर आणि रक्तवाहिनी यांच्यातला कोन ६० अंशांच्या वर गेला की आकड्यावर भरवसा नको. बरगड्या दुखणारा माणूस कुशीवर नीट वळत नाही, सांगितल्यासारखा श्वास घेत नाही. त्यामुळे एकट्या १४ वरून मी कोणाला घाबरवणार नाही. हिपॅटिक व्हेन लिव्हरमधलं रक्त हृदयाकडे नेते, तिच्यातली लाट हृदयासोबत वरखाली व्हायला हवी. मोनोफेजिक म्हणजे ती सपाट आहे. चरबीने भरलेल्या लिव्हरमध्ये ती सपाट होते, जोर लावून श्वास रोखला तरी होते. म्हणजे ती अपघाताच्या आधीपासूनचीही असेल.

आता डॉपलरची मर्यादा. तो मोठ्या नळ्यांचं सांगतो. पेशींना रक्त मिळतं ते सायनुसॉइड नावाच्या केसाहून बारीक वाटांमधून. चरबीने फुगलेल्या पेशी त्या वाटा दाबतात, बर्डीच्या बाजारात दोन्हीकडची दुकानं रस्त्यात आली की चालायला जागा उरत नाही तसं. म्हणून रक्त काही वेळ तुटून परत सुरू झालं की फॅटी लिव्हरला जास्त इजा होते. ट्रान्सप्लांटवाले दात्याच्या लिव्हरमधली चरबी आधी बघतात, ते याच कारणाने.

एवढ्या बारीक वाटांतलं रक्त पाहायचं तर कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी. हाताच्या शिरेतून सल्फर हेक्साफ्लोराइडचे बुडबुडे सोडतात. लाल पेशीपेक्षाही लहान, रक्तवाहिनीबाहेर न जाणारे. वायू श्वासावाटे निघून जातो, किडनीवर भार नाही. दहा-वीस सेकंदांत आर्टरीच्या फांद्या उजळतात, मग पोर्टलच्या रक्ताबरोबर सगळं लिव्हर भरतं. ज्या भागात रक्त नाही तो काळाच राहतो. तुमच्या त्या पट्ट्यासाठी मी हीच तपासणी सुचवीन, कारण फॅटी लिव्हर मुळातच पांढरं दिसतं आणि चरबी न साचलेला निरोगी तुकडाही त्यात काळपट वाटतो. असा तुकडा बुडबुड्यांनी बाकीच्या लिव्हरसारखाच उजळतो, चीर मात्र काळीच राहते. एक अडचण मात्र आहे. चरबी आवाज शोषते, त्यामुळे खोलवरचा भाग अंधुक येतो. पट्टा तिथे असेल तर पुन्हा सीटीच बरी.

वॉर्डातली_सिस्टर
मनीषा, एक माझंही ऐक. लिव्हरला चीर गेल्यावर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही, आर्टरीला फुगा येऊ शकतो. शौच काळी झाली, डोळे पिवळे दिसले, उजवीकडे वर कळ आली किंवा चक्कर येऊन घाम फुटला, तर सोमवारची वाट पाहू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा. यातलं एक जरी दिसलं तरी. आणि सर्जन सांगेपर्यंत भावाला गाडीला हात लावू देऊ नकोस.

मनीषा_नागपूर
शौच ठीक आहे, डोळेही. पण रिपोर्टात आर्टरीचा उल्लेखच नाही.

सोनोवाला_विदर्भ
मग सोमवारपर्यंत थांबू नका, आजच त्या सेंटरला फोन करून विचारा, आर्टरी पाहिली का, तिचा आरआय, म्हणजे आर्टरीतल्या प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा, किती आला. निरोगी माणसात तो बहुधा ०.५५ ते ०.७ असतो. पट्ट्याशेजारी कलर डॉपलर लावला होता का, तेही विचारा. फुगा असला तर आत रक्त गोल फिरताना लाल-निळं दिसतं. पाहिलं नसेल तर आजच पुन्हा करून घ्या, सहा तास उपाशी ठेवून न्या. आणि सर्जनकडे जाताना सीटीची सीडी घेऊन जा, नुसता कागद नको.