ग्लिप्टोथोरॅक्स (ओढ्यातले, दगडाला चिकटणारे मार्जारमासे) दिवसभर काचेला चिकटून धापा टाकतायत, मदत हवी आहे

ओढाकाठ:
टाकी ३ × १.५ × १.२५ फूट, दगड-खडी वजा जाता पाणी साधारण १३० लिटर. मागे टांगायचा फिल्टर ताशी ६०० लिटरचा, एक एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड). मासे चार, ७-८ सेंमी, दुकानातून आणलेले. तापमान २९-३०, पीएच ७.६, अमोनिया-नायट्राइट शून्य, नायट्रेट २०. दिवसा दगडाखाली बसायचं सोडून चौघेही फिल्टरच्या धारेजवळ काचेला चिकटलेत, कल्ले भराभर चालतायत. एकाची छाती लाल झालीय. पेलेट्सना (खाद्याच्या गोळ्यांना) तोंड लावत नाहीत. मीठ टाकू की औषध?

दगडगोटा:
दोन्ही नको. हा आजार नाही, गुदमरणं आहे. अमोनिया शून्य आला म्हणजे पाणी चांगलं असं आपण धरून चालतो, पण पाणी तपासायच्या त्या किटमध्ये ऑक्सिजन दिसत नाही. २२ अंशांना पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ८.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला ७.५. वर उकाड्यात माशाची गरज वाढलेली. म्हणून ते धारेपाशी जमलेत.

आजच पाण्याची पातळी ५ सेंमी उतरवा, म्हणजे धार उंचावरून पडून पृष्ठभाग फोडेल. झाकण काढून जाळी लावा आणि पंख्याचा झोत पाण्यावर आडवा सोडा. कोरड्या हवेत २-३ अंश सहज उतरतात, दमट हवेत कमी. उडालेलं पाणी आरओच्या पाण्याने भरा, नाहीतर क्षार साठत जातात. बर्फाच्या बाटल्या नकोत, तापमान वरखाली होतं. फॉर्मलिन हे औषध तर अजिबात नको, ते असलेला ऑक्सिजनही खातं.

छाती लाल कशामुळे? खडी कसली आहे?

ओढाकाठ:
फोडलेली, टोकदार.

दगडगोटा:
मग तेच. छातीवरच्या उभ्या घड्यांनी हा मासा दगडाला धरून राहतो. ती कातडी टोकांवर घासली जाते. खडी काढा, नदीतले गुळगुळीत चपटे गोटे घाला. मोठे गोटे थेट तळाला टेकवा. खडीवर ठेवले तर खालून उकरलं गेल्यावर कलंडतात.

पाइपवाला:
पंखा हा तात्पुरता उपाय. प्रवाह ताशी टाकीच्या १५-२० पट हवा, तुमचा पाच पटही नाही. ताशी १००० लिटरचे दोन पॉवरहेड (पाण्यात बुडवून चालवायचे पंप) डाव्या टोकाला लावा, तोंड उजवीकडे. त्यांची पाणी ओढणारी बाजू २५ मिमीच्या दोन पीव्हीसी पाइपांना जोडा, पाइप तळाशी उजव्या टोकापर्यंत न्या आणि तिथे भरड स्पंज बसवा. पाणी वरून एकाच दिशेने वाहतं, तळातून परत येतं. पाण्याखालच्या सांध्यांना सोल्यूशन (पीव्हीसीचा गोंद) लावू नका, उघडून धुता आले पाहिजेत. स्पंज आलटून पालटून, टाकीच्याच पाण्यात पिळा. वीज गेली की आधी हेच मासे जातात, तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू द्या.

पेलेट्स या प्रवाहात वाहून स्पंजात कुजतील. दिवा मालवल्यावर अर्ध्या तासाने गोठवलेले ब्लडवर्म (माशांना घालायच्या लाल अळ्या) बर्फ वितळवून, बारीक नळीने दगडाच्या आडोशाला सोडा.

मिशीवाला:
खडी बदलताना जाळीने पकडू नका. छातीच्या पराचा काटा आतून दातेरी असतो, जाळीत अडकतो. अडकलाच तर ओढू नका, जाळी कापा. त्यापेक्षा प्लास्टिकचा डबा बरा.

आणखी एक. भर घालायला सह्याद्रीतल्या ओढ्यातून मासे आणू नका. १९३८ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ होरांनी पुण्याच्या नावाने नोंदवलेला ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त आहे, आणि पोहणाऱ्या माशाकडे वरून बघून जाती ओळखू येत नाहीत. दुकानातले मासे ओढ्यात सोडणं तर त्याहून वाईट.

ओढाकाठ:
पंख्याने २७ वर आलंय. तिघे दगडाखाली गेले, लाल छातीचा अजून काचेवर आहे.

दगडगोटा:
कल्ले मंदावले असतील तर त्याला हात लावू नका. रोज २० टक्के पाणी बदला, त्याच तापमानाचं, क्लोरीन काढून टाकलेलं.