अभंगाच्या ध्वनिमुद्रणात कंप्रेसर नेमका कधी लावावा?

नवखा_ध्वनिमुद्रक

सर्वांना नमस्कार. माझे थोरले काका गेली अनेक वर्षे कीर्तन करतात. त्यांच्या आवाजातले सहा अभंग नीट जतन व्हावेत, म्हणून साताऱ्याच्या घरी एका खोलीत मी ध्वनिमुद्रण करत आहे. चार अभंग झाले असून दोन बाकी आहेत. काकांच्या आवाजाला एक माइक, तबला आणि डग्गा यांना प्रत्येकी एक, पेटीला एक अशी मांडणी आहे. तानपुरा यंत्राचा आहे. टाळकरी दोघे काकांच्या पाठीमागे बसले होते, त्यामुळे टाळ थोडेफार सगळ्याच ट्रॅकमध्ये उतरले आहेत.

काका पहिली ओळ अगदी मनातल्या मनात म्हटल्यासारखी घेतात आणि शेवटच्या कडव्याला तार सप्तकात जातात. मीटरवर (शून्य ही कमाल पातळी, जितके उणे तितके हळू) पहिली ओळ उणे २६ डेसिबलच्या आसपास आणि वरची ओळ उणे ६ पर्यंत दिसते. खोलीतल्या पंख्याचा आवाज उणे ६२ च्या जवळ आहे. ‘प्रत्येक ट्रॅकवर कंप्रेसर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारे साधन, हवाच’ असे मला अनेकांनी सांगितले. म्हणून मी आवाजावर थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर दाबणे सुरू होते ती) उणे ३०, रेशो (दाबण्याचे प्रमाण) ६:१ आणि मेकअप गेन (दाबल्यानंतर सगळे वर उचलणे) १८ डेसिबल असे ठेवले. तबल्यावर ११७६ या जुन्या कंप्रेसर-यंत्राच्या धर्तीचे एक प्लगइन (सॉफ्टवेअरमधले साधन) लावले आणि अटॅक (दाबायला लागणारा वेळ) सावकाश असावा म्हणून त्याचे बटण पूर्ण उजवीकडे फिरवले.

आता फोनवर गाणे मोठे वाजते खरे, पण काका समोर बसून गात आहेत असे वाटत नाही. त्यांनी श्वास घेतला की टाळ अंगावर येतात, आणि तबल्याचा ‘ना’ ओल्या पुठ्ठ्यावर टिचकी मारावी तसा ऐकू येतो. माझा प्रश्न असा, की कंप्रेसर लावायचा की नाही हे ठरवायचे कसे? तो ध्वनिमुद्रणाच्या वेळीच लावावा का, आणि संपूर्ण मिक्सवरही (सगळे ट्रॅक एकत्र केल्यावरही) लागतो का?

जुनी_फीत

नमस्कार. तुम्ही आकडे दिलेत हे फार बरे केले, कारण तुम्हाला जे खटकते आहे ते सगळे त्या आकड्यांतच दिसते. रेशो ६:१ म्हणजे आवाज थ्रेशोल्डच्या सहा डेसिबल वर गेला, तर बाहेर तो एकच डेसिबल वर येतो. पहिली ओळ उणे २६ ला आहे, म्हणजे तुमच्या थ्रेशोल्डच्या चार डेसिबल वर. ती बाहेर पडते उणे २९.३ च्या सुमारास. तार सप्तकातली ओळ २४ डेसिबल वर आहे. ती बाहेर येते उणे २६ ला. काकांनी गळ्याने निर्माण केलेले २० डेसिबलचे अंतर तुम्ही ३.३ डेसिबलवर आणून ठेवले आहे. शिवाय १८ डेसिबलच्या मेकअपमुळे उणे ६२ चा पंखा उणे ४४ वर आला. श्वासाच्या जागी टाळ अंगावर येतात तेही याच कारणाने, कारण गाणे थांबताच कंप्रेसर हात सैल करतो आणि त्या माइकमध्ये जे काही उरले असेल ते सगळे वर उचलले जाते.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. कंप्रेसर लावण्याआधी मी स्वतःला एकच गोष्ट विचारतो: हा चढउतार गायकाने गायलेला आहे, की तो माइक, बसण्याची जागा आणि उच्चार यांमुळे आलेला आहे? पहिली ओळ हळू आणि शेवटचे कडवे मोठे, हा चढ काकांनी गायलेला आहे. पण एकाच ओळीत ‘पांडुरंग’ म्हणताना ‘पां’चा वारा माइकवर आदळला आणि ‘डुरंग’ मागे पडले, किंवा काकांनी मान वळवून टाळकऱ्यांकडे पाहिले आणि दोन शब्द पुसट झाले, तर तो चढउतार त्यांच्या मनात नव्हता. पहिल्या प्रकाराला जपायचे असते आणि दुसऱ्याला सावरायचे. कंप्रेसरला यातला फरक कळत नाही. त्याला फक्त पातळी कळते, म्हणून निवड आपणच करून द्यावी लागते.

ती करण्याची माझी रीत अशी. सगळे प्लगइन बंद करा, आवाजाच्या फेडरवर (पातळी कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणावर) बोट ठेवा आणि गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. फेडर एका जागी ठेवून सगळे शब्द पेटी-तबल्याच्या वर नीट कळत असतील, तर कंप्रेसरची गरज नाही आणि तो लावू नये. कडव्यागणिक फेडर हलवावासा वाटला, तर ते काम ऑटोमेशनचे, म्हणजे फेडरची हालचाल नोंदवून ठेवण्याचे आहे. एकाच ओळीत, शब्दाशब्दाला, बोट पोहोचण्याच्या आत पातळी बदलत असेल, तर मात्र ते काम कंप्रेसरचे, कारण तेवढ्या वेगाने माणसाचा हात चालत नाही.

तुमच्या बाबतीत मी आधी ८० हर्ट्झच्या आसपास हायपास फिल्टर (त्याखालचा खर्ज अडवणारा) लावून तो ‘पां’चा वारा काढून टाकीन. तो राहू दिला तर कंप्रेसर वाऱ्यालाच आवाज समजून दबतो आणि पुढचे अक्षर गिळतो. मग क्लिप गेनने, म्हणजे मुद्रणाच्या त्या-त्या तुकड्याचीच पातळी बदलून, पहिली ओळ पाच डेसिबल वर आणि शेवटचे कडवे तीन डेसिबल खाली घेईन. अंतर २० चे १२ झाले. त्यानंतर थ्रेशोल्ड उणे १६ आणि रेशो २:१ ठेवला, तर उणे ९ ची ओळ उणे १२.५ ला येते, उणे २१ च्या ओळीला कंप्रेसर शिवतही नाही, आणि शेवटी साडेआठ डेसिबलचे अंतर उरते. फोनवर पहिली ओळ हरवत नाही आणि शेवटचे कडवे अजूनही वर चढते. अटॅक १५ ते २० मिलिसेकंद आणि रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) १५० ते २०० च्या दरम्यान ठेवून पाहा.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी कंप्रेसर लावू नका. आमच्या काळी फितीची स्वतःची सळसळ असे, आणि हळू आवाज तिच्यात बुडू नये म्हणून आम्ही आत येतानाच आवाज दाबून घेत असू. आज २४ बिटच्या डिजिटल मुद्रणात हळू ते मोठ्या आवाजाचा सैद्धांतिक पल्ला १४४ डेसिबलचा आहे. सर्वांत मोठी ओळ उणे १० च्या आसपास राहील असे पाहिले की पुरे. एकदा दाबून मुद्रित केलेला आवाज परत मोकळा करता येत नाही, आणि जतन करण्यासाठी केलेल्या कामात तर ही जोखीम मुळीच घेऊ नये.

डग्गा_चाट

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, म्हणून फक्त तबल्याविषयी लिहितो. आपल्या ‘ना’चे नेमके काय झाले ते माझ्या लक्षात आले. मूळ ११७६ या यंत्रावर आणि त्याच्या बहुतेक नकलांवर अटॅकचे बटण उलटे चालते: उजवे टोक म्हणजे सर्वांत जलद. आपण सावकाश समजून नेमका सर्वांत जलद अटॅक लावला आहे. त्यातही या यंत्राचा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद इतकाच असल्यामुळे ते डाव्या टोकाला नेले तरी एक मिलिसेकंदही उलटत नाही. तबल्याचा ‘ना’ म्हणजे किनारीवर तर्जनीचा जो टणकदार आघात बसतो, त्याचा कडकपणा पहिल्या काही मिलिसेकंदांतच असतो. तेवढा भाग दाबला गेला की मागे नुसती चामड्याची थाप उरते. आपल्याला ऐकू येणारा ओला पुठ्ठा तो हाच.

माझ्या अनुभवात एकल तबल्याला किंवा साथीच्या तबल्याला कंप्रेसर क्वचितच लागतो. लागलाच, तर अटॅक २५ ते ३० मिलिसेकंद ठेवता येईल असे साधे प्लगइन घ्यावे आणि गेन रिडक्शनचा (आवाज किती दाबला जातो ते दाखवणारा) काटा दोन डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नये. डग्ग्याचा माइक वेगळा आहे ही फार चांगली गोष्ट आहे. दोन्ही एकाच ट्रॅकवर असते, तर प्रत्येक ‘धा’ला डग्ग्याच्या खर्जाने कंप्रेसर खाली बसला असता आणि त्याच्यासोबत चाटही (तबल्याच्या किनारीचा आवाजही) बुडाली असती. आपण दोन्ही ट्रॅक एका बसवर (सामाईक वाहिनीवर) नेऊन तिथे कंप्रेसर लावला, तरी हेच होईल. तसे करायचेच असेल, तर साइडचेनमधला (कंप्रेसर ज्यावरून पातळी ओळखतो त्या वाटेवरचा) हायपास फिल्टर १०० हर्ट्झच्या वर ठेवावा, म्हणजे कंप्रेसर खर्जाकडे दुर्लक्ष करील.

डग्ग्यावर रिलीज फार जलद ठेवण्याचा मोहही टाळावा. ८० हर्ट्झच्या ‘घे’ची एक लाट साडेबारा मिलिसेकंदांची असते. रिलीज तितकाच आखूड असला, तर कंप्रेसर बोलाऐवजी प्रत्येक लाटेच्या मागे धावू लागतो आणि घुमारा खरखरीत होतो. मनगट सरकवून काढलेली मींड त्यात अक्षरशः फाटते. रिलीज लयीवरून ठरवणे सोपे जाते. मिनिटाला ९० मात्रांची लय असेल, तर एक मात्रा सुमारे ६६७ मिलिसेकंदांची होते, आणि काटा पुढच्या मात्रेच्या आत शून्यावर परतला पाहिजे. ते कानाइतकेच डोळ्यांनाही कळते.

सुगम_संयोजक

मला इथे थोडी वेगळी बाजू मांडावीशी वाटते. अंतर जपले पाहिजे हे मान्य आहे, पण ते कुठे ऐकले जाणार याचाही विचार हवा. मी डोंबिवलीहून रोज लोकलने जातो. इअरफोन कानात असले तरी गाडीच्या खडखडाटात हळू ओळ कळत नाही, म्हणून माणूस आवाज वाढवतो आणि तार सप्तक येताच दचकून कमी करतो. देवळात गाणाऱ्याच्या समोर बसलेला श्रोता पुढे झुकून ऐकतो. लोकलमधल्या श्रोत्याला तशी सोय नसते. त्याच्यासाठी अंतर थोडे कमी करणे हा गाण्यावर अन्याय आहे असे मी मानत नाही. उलट पहिली ओळ त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही, तर शेवटच्या कडव्याची चढण त्याला कशी कळावी?

दुसरे असे, की कंप्रेसर हा केवळ दोष झाकण्यासाठी नसतो. सुगम संगीतात आवाज अगदी कानाशी आल्यासारखा वाटावा म्हणून मी तो मुद्दाम वापरतो. एकाच कंप्रेसरवर सगळा भार न टाकता दोन हलके कंप्रेसर एकामागून एक लावतो. पहिला जलद, जो फक्त उसळलेल्या अक्षराला दोन-तीन डेसिबल धरतो. दुसरा एलए-२ए या प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राच्या धर्तीचा. त्या यंत्राचा अटॅक सुमारे १० मिलिसेकंदांचा असतो. रिलीज दोन टप्प्यांत होतो: अर्धी दाब सुमारे ६० मिलिसेकंदांत सुटते आणि उरलेली अर्ध्या सेकंदापासून काही सेकंदांपर्यंत हळूहळू. म्हणून तो आवाजाला धक्का न देता सोबत चालतो. मात्र जिथे टाळ आवाजाच्या माइकमध्ये शिरले आहेत, तिथे ही रीत मीही आवरती घेईन.

एक पथ्य मात्र प्रत्येकाने पाळावे. कंप्रेसर चालू-बंद करून तुलना करताना दोन्ही वेळची पातळी सारखी करून घ्या. मोठा आवाज कानाला आपोआप चांगला वाटतो, आणि मेकअप गेनमुळे झालेली वाढ आपण कंप्रेसरचा गुण समजून बसतो.

नवखा_ध्वनिमुद्रक

आपणा तिघांचे मनापासून आभार. काल रात्री सगळे काढून पुन्हा सुरुवात केली. अटॅकचे बटण खरोखरच उलटे होते. तबल्यावरचे प्लगइन पूर्ण काढले आणि ‘ना’ परत आला. आवाजाला क्लिप गेन आणि २:१ चा कंप्रेसर लावला. काटा फक्त शेवटच्या कडव्यात आणि दोन-तीन ‘विठ्ठल’वर हलतो. पातळी सारखी करून ऐकल्यावर माझी जुनी आवृत्ती किती चपटी होती हे कळले, आणि आधी ती मला चांगली का वाटली असावी हेही. टाळ अजून थोडे वर येतात. संपूर्ण मिक्सवर काय करावे हे मात्र राहिले.

जुनी_फीत

संपूर्ण मिक्सवर मी या कामात कंप्रेसर लावणार नाही. तुमच्याकडे अखंड वाजणारा तानपुरा आहे. डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला मिक्स दबला की तानपुराही दबतो आणि पुन्हा वर येतो. मग समेगणिक तो धापा टाकल्यासारखा ऐकू येतो, आणि एकदा ते कानाने पकडले की दुसरे काही ऐकूच येत नाही. शेवटी फक्त एक लिमिटर (ठरावीक पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा) ठेवा, ट्रू पीक (लाटेचे खरे शिखर) उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, आणि तो एखाद्याच उंच आघाताला धरेल इतपतच चालू द्या. गाणे मोठे करण्याच्या मागे लागू नका. स्पॉटिफाय मूळ सेटिंगमध्ये गाणी सुमारे उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) आणून वाजवते, त्यामुळे दाबून मोठे केलेले गाणे तिथे पुन्हा खालीच येते आणि दाबल्याचे नुकसान तेवढे उरते.

टाळांचा उपाय मिक्समध्ये शोधू नका. टाळकरी काकांच्या पाठीमागे होते, म्हणजे ते माइकच्या अगदी तोंडासमोर होते. माइक कार्डिऑइड असेल, तर तो सर्वांत कमी ऐकतो ते आपल्या पाठीमागून. उरलेल्या दोन अभंगांच्या वेळी टाळकऱ्यांना माइकच्या पलीकडे, काकांकडे तोंड करून बसवा आणि काकांच्या मागच्या भिंतीवर एक जाड गोधडी टांगा. पंखाही तेवढा वेळ बंद ठेवा. मग आवाजावर दोन डेसिबलही दाबावे लागतील की नाही, ते फेडरवर बोट ठेवून पुन्हा ऐका आणि इथे कळवा.