अनुभव हवे आहेत: घरच्या गाड्यांसाठी बॅटरीवरचा हवेचा पंप

साताऱ्यात आमच्या घरी एक चारचाकी, एक स्कूटर आणि मुलाची सायकल आहे. तिन्हींच्या हवेसाठी दर वेळी पेट्रोल पंप गाठावा लागत असल्याने हातात मावणारा, बॅटरीवरचा पंप घ्यावा असे ठरवले आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या ‘१५० पीएसआय’पलीकडे (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजण्याचे एकक) काय पाहावे, हे वापरणाऱ्यांनी कृपया सांगावे.

सदरबझार, सातारा येथून उत्तर

तो १५० चा आकडा आपण आधी बाजूला ठेवावा. चारचाकीला साधारणपणे ३० ते ३५ पीएसआय हवा लागते आणि तेवढा दाब बहुतेक सगळे पंप देतात; खरा प्रश्न पंप मिनिटाला किती लिटर हवा ढकलतो आणि न थांबता किती वेळ चालतो, हा आहे. माझा पंप मिनिटाला सुमारे १५ लिटरचा आहे. २७ वर आलेले चाक ३३ पर्यंत न्यायला त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. परंतु गेल्या पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात मागचे चाक जवळजवळ बसले, तेव्हा त्याच पंपाला आठ मिनिटे लागली आणि नळीचे पितळी तोंड इतके तापले की ते रुमालाने धरून फिरवावे लागले. माहितीपत्रकात दहा मिनिटांनंतर विश्रांती द्यावी असे लिहिलेले आहे, ते तेव्हा पटले. चाकात रुतलेला खिळा तसाच ठेवल्याने गळती मंद होती, म्हणून सातारा गाठता आले. मोठे भोक असते तर पंपाचा काही उपयोग नव्हता. दिवा असलेला पंप घ्यावा, ही आणखी एक सूचना, कारण घाटात चाक नेहमी अंधारातच बसते.

वाई

पंप कोणताही घ्या, मात्र हवा थंड चाकाचीच मोजावी. मी नवा पंप घेतल्याच्या उत्साहात पसरणीचा घाट चढून पाचगणीला पोहोचताच तो लावला, तर ३३ ऐवजी ३७ दिसले. जास्त झाली असे समजून काढून टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चारही चाके २९ वर आलेली. चाक पळून तापते तसा आतला दाब वाढतो आणि उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्यानेही मापकाचा आकडा थोडा चढतो, हे नंतर उमगले.

विश्रामबाग, सांगली

आपल्या प्रश्नात सायकल आहे म्हणून लिहितो. मुलाच्या सायकलचा व्हॉल्व्ह स्कूटरसारखा आहे की जुन्या काळ्या सायकलींचा, आत रबरी नळी असलेला, हे आधी पाहावे. दुसऱ्या प्रकाराला वेगळे जोडतोंड लागते. शिवाय त्यातून हवा उलट बाहेर येत नसल्याने पंपाला ट्यूबमधला खरा दाब कळत नाही. माझा पंप ४० वर आपोआप बंद झाला तेव्हा चाक अंगठ्याने सहज दाबले जात होते.

स्कूटरच्या लहान रिममध्ये सरळ, ताठ तोंड बसत नाही. नळी लांब आणि लवचिक असावी.

तासगाव

ट्रॅक्टरचे मागचे चाक या पंपाने भरण्याचा प्रयोग मी केला. त्यात दाब कमीच लागतो, पण आकारमान एवढे मोठे की बॅटरी संपली तरी फरक दिसला नाही. ट्यूबलेस चाक रिमवरून सुटले असेल, तरी हा पंप त्याला पुन्हा बसवू शकत नाही. त्यासाठी दुकानातला मोठा कॉम्प्रेसरच लागतो.

मिरज

गाडीतल्या सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा पंप स्वस्त पडतो आणि त्याला बॅटरीची काळजी नसते, परंतु स्कूटर व सायकलजवळ तो निरुपयोगी ठरतो, म्हणून आपल्या घराला बॅटरीचाच योग्य आहे. माझा पहिला पंप डिकीत राहिला, मे महिन्यातले इथले ऊन त्याने भोगले आणि पुढे चार महिने चार्जही झाला नाही, बॅटरी गेली. आता नवा पंप घरात, निम्मा चार्ज करून ठेवतो, दोन महिन्यांनी पाहतो आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री पूर्ण चार्ज करतो. त्याचा मापक माझ्या काट्याच्या गेजपेक्षा एक पीएसआय जास्त दाखवतो, म्हणून ३३ हवे असल्यास मी ३४ लावतो.