अक्कलदाढ काढून १९ दिवस झाले, ओठ अजून बधीर! कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी,

खालची उजवी अक्कलदाढ हिरडीच्या आत आडवी वाढली होती. हिरडी कापून, दाढेचे दोन तुकडे करून काढली. भूल तीन-चार तासांत उतरेल म्हणाले होते. जिभेची उतरली, गालाची उतरली, पण उजवा अर्धा खालचा ओठ आणि हनुवटी अजून तशीच. बरोबर मध्यावर रेघ मारल्यासारखं आहे. डावीकडे बोट लागलेलं कळतं, उजवीकडे दुसऱ्याच कुणाच्या ओठाला हात लावतोय असं वाटतं.

दुखत नाही, सूज गेली, टाके निघाले. ओठ हलतो, शिट्टीही वाजते. पण जेवताना ओठ चावला गेला की रक्ताची चव आल्यावरच कळतं. परवा पाणी हनुवटीवरून ओघळत होतं, समोरच्याने रुमाल पुढे केला तेव्हा समजलं. लाजच वाटली.

दाढेची मुळं नसेला टेकली आहेत हे डॉक्टरांनी एक्सरेत आधीच दाखवलं होतं, सहीही घेतली होती. त्यामुळे भांडण नाही. मिथाइलकोबालमिन (बी-१२ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) दिलंय आणि 'वाट बघा' म्हणतात. पण किती? चार दिवसांपासून मधूनच मुंग्या येताहेत, हे बरं की वाईट?

प्रतिसाद १:
मी यातून गेलेय. मुंग्या ही सहसा चांगली खूण, नस जागी होतेय. ओठ हलवणारी नस वेगळी. जबड्याच्या हाडातून ओठाकडे येणारी ही नस फक्त जाणिवेची. बहुतेकांचं काही आठवडे ते सहा महिन्यांत सुधारतं. मला पाच महिने लागले, त्यात शेवटी नुसती खाज.
पण हातावर हात ठेवून बसू नका. आठवड्यातून एकदा डोळे मिटून कापसाच्या टोकाने बधीर भागाची हद्द शोधा, पेनाने टिंबं काढा, फोटो ठेवा. मॅक्सिलोफेशियल (जबडा-चेहऱ्याच्या) सर्जनला आत्ताच एकदा दाखवून ठेवा. तीन महिन्यांत हद्द जराही सरकली नाही, किंवा नुसत्या स्पर्शाने कळ यायला लागली, तर ताबडतोब परत जा. नसेवर शस्त्रक्रिया करायचीच झाली तर उशीर परवडत नाही.

धागाकर्ता:
आभारी आहे, ताई. आत्ताच टिंबं काढली. हनुवटीच्या टोकाशी टिकलीएवढी एक जागा आहे, तिथं कापूस कळला. दोनदा करून बघितलं.